पांढऱ्या पट्ट्याची रायफल

आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येक माणसाला गाव मेजर म्हणतं. मग तो तिकडे स्वयंपाकी असो की सुभेदार. आमच्या शाळेतल्या हवालदारांना हे खपत नसे. शाळेच्या फाटकात कुणी "रामराम मेजर" म्हटलं की ते सायकलवरून उतरत, सायकल स्टँडला लावत आणि समजावून सांगत, "मेजर न्हाई. हवालदार. मेजर येगळा माणूस आसतो. त्याच्या खांद्यावर सिंव्ह आसतेत. मपल्या दंडावर तीन फिती व्हत्या." समोरचा "बरं बरं" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "रामराम मेजर" घाली. पुन्हा सायकल स्टँडला.

सगळ्या शाळेत त्यांना हवालदार म्हणणारा मी एकटा. मी मराठी शिकवतो, शब्द जिथल्या तिथे वापरायची मला खोड आहे, एवढंच त्याचं कारण. पण हवालदारांनी त्यावरून ठरवून टाकलं की हा माणूस आहे ते आहे तसं बोलणारा आहे. असा गैरसमज करून घेणारे ते पहिले आणि शेवटचेच.

आमची शाळा तलवाड्याकडच्या माळावर, एका शिक्षण संस्थेची. संस्था साहेबांची. साहेब म्हणजे अध्यक्ष, आणि आमच्या भागात जे जे म्हणून असतं ते ते सगळं साहेबच. शेजारच्या पुढाऱ्याने आपल्या शाळेत सैनिकी तुकडी काढली, म्हणून साहेबांनीही काढली. मुलांना हिरवे गणवेश आले. कवायत शिकवायला हवालदार आले. आणि एका लाकडी पेटीतून आठ रायफली आल्या.

त्या थ्री नॉट थ्री होत्या. जुन्या, लाकडी दस्त्याच्या, हातात घेतल्यावर खांदा भरून यावा अशा वजनदार. पण लाकडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला. हवालदारांनी त्यातली एक उचलली, बोल्ट काढला, नळी खिडकीच्या उजेडाला धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हं. भोक हाय." कवायतीसाठी दिलेल्या रायफलीच्या नळीला, गोळी बसते त्या जागी, आरपार भोक पाडलेलं असतं. चापाबरोबर गोळीवर आपटणारी सुईही कापलेली असते. बाकी सगळं अस्सल. अशी रायफल ओळखायची खूण म्हणजे तो पांढरा पट्टा; तो नसला तर लांबून कुणाला फरक कळत नाही, जवळूनही कळत नाही. खांद्यावर घेता येते, सलामी देता येते, बोल्टचा आवाजही तसाच येतो. गोळी मात्र कधीच सुटत नाही.

तरी हवालदार दर शनिवारी त्या आठही रायफली साफ करत. दोरीला चिंधी बांधायची, नळीतून ओढायची, पुन्हा उजेडाला धरायची. मी एकदा म्हटलं, "हवालदार, ज्यातून काही जायचंच नाही ती नळी कशाला पुसता?"

"कावून म्हंजे?" ते म्हणाले. "तुमी पोरांच्या वह्या तपासता, त्या काय छापायला जायच्यात का?"

ते फौजेत बंदुका चालवणारे नव्हते, दुरुस्त करणारे होते. चोवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रायफली उघडल्या, घासल्या, तेल दिलं, परत जोडल्या. "मी कुणावर एक बी झाडली न्हाई," असं ते सरळ सांगत. "दुसऱ्यांनी झाडल्या, मी साफ केल्या." गावाला त्यांच्याकडून शत्रू मारल्याच्या गोष्टी हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत म्हणून गाव त्यांच्यावर जरा नाराजच होतं.

नळीसारखं काहीही दिसलं की त्यांना राहवत नसे. ठिबकचा पाइप, सायकलचा पंप, ग्रंथालयातला गुंडाळलेला नकाशा, सगळं उजेडाला. स्नेहसंमेलनात संगीताच्या सरांची बासरी त्यांनी हातातून काढून घेतली, आरपार पाहिलं आणि भर कार्यक्रमात परत देताना म्हणाले, "नळी साफ न्हाई, सर." संगीताचे सर त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

मधल्या सुट्टीत चहा आला की वाद ठरलेला. विज्ञानाचे सर मोबाइलवर नव्या नव्या रायफलींचे व्हिडिओ पाहत आणि हवालदारांना डिवचत. "काय मेजर, तुमच्या त्या लाकडी दांडक्यात दहा गोळ्या. ही बघा, मिनिटात किती सोडते!"

"हवालदार," ते आधी दुरुस्त करत. मग कपबशी खाली ठेवत. "थ्री नॉट थ्रीचं आसं हाय. बोल्ट उचला, मागं घ्या, फुडं सारा, खाली दाबा. मग चाप. दर गोळीला एवढं करावं लागतंय. त्याच्यानंतर आली एसएलआर. ईस गोळ्या, बोल्टला हात लावायचं काम न्हाई, निस्तं चाप दाबत ऱ्हायचं. लागली की माणूस उठत न्हाई. पण वजन लई, आन् तिला रोज न्हाऊ घालावं लागतंय, धूळ बसली की रुसली. मग इन्सास. हलकी, दिसायला देखणी, बारीक गोळी. एकदा चाप दाबला की तीन सुटायची सोय. आन् एके म्हनाल तर चिखलात टाका, उचला, चालवा. नेम सोडून तिच्यात समदं हाय."

"म्हणजे नवीच चांगली की!"

"गोळ्या जास्त सुटायला पायजेत आसतील तर नवी चांगली. लढाईवर जायचं म्हनलं तर मी बी एसएलआरच घेईन, खोटं कशाला बोलू?" मग ते उजवा हात हवेत धरून बोल्ट मागे घेतल्यासारखा करत. "पर थ्री नॉट थ्रीत दोन गोळ्यांच्या मधी एक दम मिळतो. बोल्ट मागं घेऊन फुडं सारंस्तोवर समोरच्याचं तोंड दिसतंय. मनात आलं तर थांबता येतंय. ज्यानं ती रायफल केली त्यानं माणसाला इचार करायला जागा ठिवली व्हती. नव्या रायफलीत ती जागाच न्हाई."

विज्ञानाचे सर हसत. जागा काय, दम काय, ही काय बंदूक आहे की कीर्तन? मीही हसत असे. पण हे हवालदारांचं जन्माचं म्हणणं होतं. चोवीस वर्षं रायफली उघडून, जोडून त्यांना मिळालेलं काय ते एवढंच.

माणसांनाही ते रायफलीच लावत. हेडमास्तर एसएलआर: आवाज मोठा, धक्का मोठा, पण धूळ सहन होत नाही. विज्ञानाचे सर इन्सास. ते स्वतःला फार हुशार समजत, त्यामुळे हे त्यांना कौतुकच वाटलं. खिचडी शिजवणाऱ्या काकू म्हणजे एके: ओल्या सरपणावर, फुटक्या चुलीवर, कशावरही चालतात. मी बरेच दिवस वाट पाहिली आणि मग न राहवून विचारलं, "आणि मी?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "तुमचं आताच न्हाई सांगता यायचं. नळी उजेडाला धरल्याबिगर मी बोलत नसतो."

साहेबांचे एक पुतणे होते. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांकडे परवान्याची रायफल होती, तीनशे पंधराची. आमच्या जिल्ह्यात मोटारीच्या मागच्या काचेतून ती दिसत राहावी अशी ठेवण्याची पद्धत आहे. वाढदिवसाला केक कापताना ती हवेत उडवायचीही पद्धत आहे. लग्नात, मिरवणुकीत, निकालाच्या दिवशी, गुलालाबरोबर दोन-तीन बार व्हायचेच. कुणी तक्रार करत नाही, कारण ज्याच्याकडे तक्रार करायची तोही टाळ्या वाजवायला आलेला असतो.

साहेबांच्या वाढदिवसाच्या चारेक दिवस आधी दादा जीप घेऊन शाळेत आले. "काय बे फौजी, बघ हिचं काय झालं. बोल्ट अडकायलाय."

हवालदारांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. मला म्हणाले, "सर, ही तीच. थ्री नॉट थ्रीची सावत्र बहीण. गोळी तेवढी येगळी. बोल्ट तोच, डौल तोच." एखाद्याला चहा आणायला पाठवावं तितक्या सहज दादांनी ती त्यांच्या स्वाधीन केली होती. हवालदारांनी दुपारभर बसून ती उघडली. गंज काढला, बोल्टची खाच घासली, तेल दिलं. मग दहा-बारा वेळा बोल्ट मागे-पुढे करून दाखवला. "आता बगा. लोण्यातून सुरी." दादा खूश झाले. "लई भारी, मेजर!" त्या दिवशी त्यांनी दादांना दुरुस्त केलं नाही. इतक्या वर्षांनी त्यांच्या हाताला एक जिवंत रायफल लागली होती, त्या आनंदात राहून गेलं असावं.

वाढदिवसाला मैदानावर मंडप घातला होता. व्यासपीठावर साहेब, समोर खुर्च्या, एका बाजूला सैनिकी तुकडी, दुसऱ्या बाजूला फाटकाजवळ दादांची जीप. सूत्रसंचालन माझ्याकडे. मराठीचा शिक्षक असला की माइक त्याच्याच हातात देतात, जगात दुसरं त्याला काही येत नाही अशी सर्वांची खात्री असते. माइकपाशी उभं राहिलं की तुकडीही दिसे आणि जीपही दिसे.

मी म्हटलं, "आणि आता आदरणीय साहेबांना आपल्या सैनिकी तुकडीकडून मानवंदना!"

हवालदारांनी हुकूम दिला. आठ रायफली एकदम छातीसमोर उभ्या राहिल्या. इतकं नीटनेटकं काम आमच्या शाळेत एरवी होत नाही. त्याच वेळी दादा जीपच्या बॉनेटवर चढले. त्यांनी रायफल वर धरली आणि बार काढला. बोल्ट मागे, पुढे. दुसरा बार. पुन्हा बोल्ट मागे, पुढे. तिसऱ्या बाराला त्यांचा तोल जरा गेला आणि नळी कुंपणाच्या भिंतीवरून मागच्या रानाकडे वळली. ते मी पाहिलं. माझ्यासमोर, वीस पावलांवर.

आणि मी माइकवर काय म्हणालो? "वा! टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या.

शाळेच्या मागच्या रानात मेंढरं बसवली होती. पीक निघालं की रानाचा मालक मेंढपाळांना बोलावतो, चार-दोन दिवस कळप रानात बसतो, लेंड्यांचं खत होतं. सोपान नावाचा मेंढपाळ आणि त्याची बायको ठकूबाई तिथे उतरले होते. टाळ्या थांबायच्या आत मेंढरं भेदरून फाटकातून मंडपात घुसली. खुर्च्या पडल्या, लोक हसायला लागले. त्यांच्या मागे सोपान आला. तो ओरडत नव्हता, नुसता हात वर करून उभा होता. हात कोपरापर्यंत लाल होता.

गोळी ठकूबाईच्या मांडीत गेली होती. जीव वाचला. पाय वाचला म्हणावं तर वाचला, पण तो गुडघ्यात पुन्हा सरळ झाला नाही.

एकाने मोबाइलवर कार्यक्रम टिपला होता. त्यात व्यासपीठ दिसतं, साहेब दिसतात, तुकडीचा कडेचा भाग दिसतो, जीप दिसत नाही. माझा आवाज मात्र लख्ख आहे: "आपल्या सैनिकी तुकडीकडून मानवंदना." आणि लगेच तीन बार. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या तालुक्यात फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवरचं पक्कं मत होतं की मेजरच्या तुकडीतली रायफल उडाली. शाळेत थ्री नॉट थ्री आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना भोक आहे हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

हवालदार स्वतःच पोलीस ठाण्यात चौकशीला गेले. टेबलावर एक रायफल ठेवली आणि नळीच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आरपार घालून दाखवली. साहेबांना न ओळखणारा कुणी अधिकारी तिथे असता तर तेवढ्यावर भागलं असतं. हा अधिकारी म्हणाला, "ही नाही उडाली, मान्य. मग कुणी उडवली? कुणी पाहिलं?"

हवालदार म्हणाले, "आमच्या मराठीच्या सरांनी पाह्यलं. ते समोरच व्हते."

तिथून ते थेट माझ्या घरी आले. खिशातून चिंधी काढली, चिंधीतून पितळी पुंगळी काढली. गोळी सुटल्यावर रायफलीतून बाहेर पडते ती. जीपच्या चाकाजवळ त्यांना सापडली होती. "ही बगा. थ्री नॉट थ्रीची न्हाई, तीनशे पंधराची हाय. पर मी सांगितलं तर काय, मपल्यावरच आळ हाय. तुमी यायचं आन् एवढंच म्हनायचं: मानवंदना म्हनलो तवा पोरं शस्त्र धरून उभी व्हती आन् गोळी जीपवरून सुटली. दुसरं काय बी न्हाई. जे बगितलं तेवढं."

माझ्या बायकोने चहा केला. तो त्यांनी घेतला. मी म्हटलं, "उद्या सकाळी जाऊ, हवालदार. दोघं मिळून जाऊ."

"माहीत व्हतं मला," ते म्हणाले. आणि पुंगळी माझ्याकडे ठेवून गेले. मी नको म्हटलं नाही.

त्याच दुपारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. धमकी वगैरे काही नाही. माझ्या पदाला सरकारची मान्यता मिळालेली नव्हती, अकरा वर्षं मी त्या एका कागदाची वाट पाहत होतो. हेडमास्तर फक्त म्हणाले, "सर, तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव साहेब स्वतः घेऊन जाणार आहेत पुढच्या आठवड्यात." मग खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मोठ्या आवाजाचा माणूस त्या दिवशी फार हळू बोलला.

मी जबाब दिला. एकट्याने, हवालदार येण्याआधी, सकाळी लवकर जाऊन. भाषा माझीच होती, मला ती अजून पाठ आहे: "सूत्रसंचालनाकडे लक्ष असल्याने बार कोणी व कोठून काढला हे माझ्या पाहण्यात आले नाही." शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खाली सही.

मी बाहेर पडलो तेव्हा हवालदार ठाण्याच्या फाटकात सायकल स्टँडला लावत होते. माझं तोंड पाहून त्यांना कळलं. त्यांनी सायकल पुन्हा स्टँडवरून काढली आणि वळवली. ती पुंगळी माझ्या खिशातच होती. परत येताना मी ती पुलावरून टाकली.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. गोळी अज्ञात इसमाने झाडली असं ठरलं. दादांची रायफल कुणी पाहायलाही मागितली नाही. सैनिकी तुकडी बंद झाली, म्हणजे हवालदार गेले. शेवटच्या शनिवारी त्यांनी आठही रायफली साफ केल्या आणि पेटीत ठेवल्या. पेटी जिथून आली तिकडे गेली. सोपानचा कळप पुढच्या रानाला लागला. ठकूबाई आता घोड्यावर बसून कळपामागे जाते, कारण तिला चालवत नाही. माझी मान्यता आली. पेढे मी शाळेत वाटले आणि ते सगळ्यांनी खाल्ले.

हवालदार नेकनूरला बाजारतळाच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून बसतात, फवारणीचे पंप दुरुस्त करतात. मला हे माहीत होतं आणि तीन वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नाही. मागच्या महिन्यात सासऱ्यांचा पंप बिघडला. दुसरीकडे नेता आला असता. मी तिथेच नेला. का नेला ते मला विचारू नका, माणसाला मार खायची हौस येते कधी कधी.

"या सर," ते म्हणाले, जणू मधली सुट्टी संपून मी परत आलो होतो. पंप उघडला, नळी काढली, उजेडाला धरली. "घाण बसली." तार घातली, फुंकर मारली.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "अजून रायफलींचा वाद घालता की नाही कुणाशी?"

"न्हाई. लई वर्सं मी चुकीचं सांगत व्हतो." ते पंपाचा वायसर घासत राहिले. "त्यानं तीन बार काढले. दोनदा बोल्ट मागं घेतला, दोनदा फुडं सारला. दोनदा त्याला दम मिळाला व्हता, सर. बोल्ट बी मीच मोकळा करून दिल्ता." मग म्हणाले, "रायफलीत जागा ठिवून काय व्हतंय? ज्याला थांबायचंच न्हाई, त्याला थ्री नॉट थ्री काय आन् एके काय."

त्यांना शिवी द्यायची असती तर मी तयार होतो. मी खरं तर ती घ्यायलाच गेलो होतो. ती येईना, तेव्हा मीच म्हटलं, "हवालदार, तुम्ही सगळ्यांना रायफली लावल्या. मला लावायची राहिली."

त्यांनी नळी पंपाला परत बसवली, दट्ट्या दोन-तीनदा ओढून पाहिला. पाण्याचा बारीक फवारा उडाला.

"तुमच्यात तसं खराब काय न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शनिवारी रायफल पुसताना बोलत तसंच बोलत होते. "लाकूड चांगलं हाय. वजन पुरं हाय. बोल्टचा आवाज बी खणखणीत. खांद्यावर घेऊन मिरवायला तुमच्यावानी न्हाई कुनी." मग पंप माझ्या हातात दिला. "फकस्त पांढरा पट्टा वडायचा ऱ्हायला. म्हून मी फसलो."

पंप मी घेऊन आलो. तो आता उत्तम चालतो.

परवा साहेबांचा वाढदिवस आहे. कार्यक्रमपत्रिका छापून आली. सूत्रसंचालन माझ्याकडेच आहे.